तिखट मध घरी केला आणि बरणीचं झाकणच उडालं

तिखटखाऊ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पहिला धागा काढतोय आणि तोही स्वतःच्या फजितीचा.

पिझ्झ्यावर ओततात तो तिखट मध एकदा खाल्ला आणि वेडच लागलं. म्हटलं यात आहे काय, मध आणि मिरची, घरी करायला काय लागतं. ताज्या लाल मिरच्या होत्या, मस्त धुतल्या, चकत्या केल्या, बरणीत भरल्या, वरून मध ओतला, झाकण घट्ट पिळून बसवलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवून विसरलो. दोन दिवसांनी बघतो तर मध पाण्यासारखा पातळ, तरी म्हटलं मिरचीचा रस उतरला असेल, छानच की. आठव्या दिवशी सकाळी ओट्यावर चिकट ओघळ, झाकण तिरकं, वर फेस, आणि वास असा की अर्धा मध अर्धी वाइन. बायको काही बोलली नाही, नुसतं फडकं हातात दिलं.

तर हे खराब झालंय की असंच होत असतं? मध म्हणे कधी खराब होत नाही, मग हा कसा आंबला? आणि कुणी नीट केलाय का घरी, असेल तर पाकृ (पाककृती) सांगा, बरणीसकट वाया घालवायची तयारी नाही आता.

उगाचच
अभिनंदन! लोक मधात पाणी घालून महिनोन्महिने वाट बघतात तेव्हा कुठे मीड, म्हणजे मधाची दारू, होते, तुमची आठ दिवसांत झाली. चकण्याला वेगळं काही नको, मिरच्या आतच आहेत.

मोहोळवाला
हौस म्हणून मधमाश्यांच्या दोन पेट्या सांभाळतो, त्या अनुभवावर सांगतो. मध टिकतो कारण त्यात पाणी फार कमी असतं, साधारण १७-१८ टक्के. फुलातून आणलेला रस पाणचट असतो, माश्या पोळ्यात रात्रंदिवस पंखांनी वारा घालून तो आटवतात आणि पुरेसा घट्ट झाला की वरून मेण लावून घर बंद करतात. आम्ही पण बंद घरं बघूनच मध काढतो, उघड्या घरांतला काढला तर तो बरणीत फसफसतो. आंतरराष्ट्रीय मानकातसुद्धा मधात पाणी जास्तीत जास्त २० टक्के चालतं, हीदर नावाच्या झुडपाचा मध वगैरे सोडला तर.

गंमत अशी की मधात यीस्ट, म्हणजे साखर आंबवणारी सूक्ष्म बुरशी, आधीपासूनच असतं. इतक्या साखरेत त्याला प्यायला पाणी मिळत नाही म्हणून ते गप्प बसून राहतं, मरत नाही. तुम्ही त्याला ताज्या मिरच्या दिल्या, म्हणजे पाण्याची टाकीच जोडून दिलीत. ताज्या मिरचीत जवळजवळ ८८ टक्के पाणी असतं आणि साखर ते पाणी ओढून घेते, लोणच्यात मीठ जसं पाणी सोडवतं अगदी तसंच. दोन दिवसांनी मध पातळ दिसला तेव्हाच घंटा वाजायला हवी होती.

रसायनी
वरच्याला आकडा जोडतो, नाहीतर झोप लागायची नाही. मिरच्या किती होत्या तुमच्या?

तिखटखाऊ
दहा-बारा असतील, मोठ्या होत्या. मध एक कप.

रसायनी
मिरच्या ५० ग्रॅम धरू. एक कप मध म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम (मध पाण्याच्या जवळपास १.४ पट जड असतो), त्यात पाणी साधारण ६० ग्रॅम. मिरच्यांतलं सगळं पाणी उतरलं तर आणखी ४४ ग्रॅम. म्हणजे त्या पातळ मधात पाणी झालं २७ टक्क्यांच्या आसपास. २० च्या पुढे गेलं की यीस्टची चैन, तुम्ही तर २७ वर नेलंत, वर झाकण घट्ट, तयार होणारा कार्बन डायऑक्साइड जाणार कुठे? झाकण उडालं हे नशीब समजा, काच फुटली असती.

तिखटखाऊ
बाप रे. म्हणजे मिरच्या धुऊन नीट पुसल्या नव्हत्या ते वेगळंच पाणी. मग आता हे टाकून द्यायचं का? अर्ध्याहून जास्त बरणी आहे हो, जीवावर येतंय.

मोहोळवाला
टाका. मुद्दाम आंबवलेला मध लोक करतात हे खरं, पण ते रोज झाकण सैल करतात, लक्ष ठेवतात, आंबटपणा मोजतात. विसरलेल्या बरणीत काय काय वाढलंय ते वासावरून कळत नाही.

चमचाभर
मी गेली चार-पाच वर्षं घरी करते, सांगते सविस्तर. पहिला नियम वर आलाच, ताजी मिरची नको, सुकीच हवी, आणि सुकी म्हणजे मोडली की कटकन आवाज आला पाहिजे, वाकली तर आत ओल आहे. मऊ वाटली तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर हलवून घ्यायची, रंग बदलू द्यायचा नाही, जळकी मिरची मध कडू करते आणि तो कडूपणा मग कशानेच झाकला जात नाही. (आणि खिडकी उघडा आधी. मी एकदा नाही उघडली, घरातले सगळे शिंकत जिन्यात.)

एक कप मधाला मी दोन मोठे चमचे चिली फ्लेक्स घेते, किंवा सुक्या मिरच्या हाताने चुरडून तेवढ्याच. पूड घालू नका. पूड गाळणीतून जाते, मध गढूळ होतो, तळाशी चिखल बसतो आणि शेवटचा चमचा कोणाच्या वाट्याला येईल त्याचं काही खरं नाही.

एका पातेल्यात चार बोटं पाणी गरम करायचं, उकळायचं नाही, नुसत्या वाफा यायला लागल्या की बास, त्यावर कोरडं स्टीलचं भांडं ठेवून त्यात मध आणि मिरची. थेट गॅसवर मी करत नाही, मध तळाला लागतो, आणि उकळी आली की दुधासारखा फेसाळून वर येतो, तेही सांगून येत नाही. मायक्रोवेव्हमध्ये एका जागी उकळतो आणि बाजूला गार राहतो, तेही नको. साधारण १५-२० मिनिटं अधूनमधून ढवळायचं, मग उतरवून झाकून तासभर तसंच ठेवायचं. परत किंचित कोमट करून स्टीलच्या बारीक गाळणीतून गाळायचं, गार मध गाळायला गेलात तर संध्याकाळ होईल. शेवटी दोन छोटे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर. कोरड्या बरणीत भरायचा.

व्हिनेगर विसरू नका, त्याच्याशिवाय नुसतं गोड आणि तिखट असं दोन टोकांचं लागतं. व्हिनेगर आलं की चव एक होते.

जागरणवीर
वाचनखूण साठवली. पण एक शंका, मध तापवायचा नाही असं आयुर्वेदात सांगितलंय ना? आमच्याकडे तर कोमट पाण्यात घातला तरी ओरडा बसतो.

रसायनी
आयुर्वेद काय म्हणतो यात मी शिरत नाही, तो माझा प्रांत नाही. रसायनशास्त्राच्या बाजूने सांगतो. मध तापवला की दोन गोष्टी होतात. एक, त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, निकामी होत जातात, आणि मधाचा नाजूक सुगंध उडतो. दोन, फ्रुक्टोजपासून एचएमएफ नावाचं संयुग तयार होतं, मध किती तापला किंवा किती जुना आहे ते त्यावरून मोजतात, मानकात मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम आहे आणि उष्ण प्रदेशातल्या मधाला ८०. ते तापमान आणि वेळ दोन्हींवर वाढतं. वाफेवर ६०-६५ अंशांवर वीस मिनिटं आणि गॅसवर खळाखळा उकळणं यात खूप फरक आहे. कारखान्यातसुद्धा मध साधारण याच तापमानाला पाश्चराइज करतात, यीस्ट मारायला. म्हणजे चमचाभर यांच्या पद्धतीत मिरचीवरच्या यीस्टचाही थोडा बंदोबस्त होतो.

ज्यांना तापवायचाच नाही त्यांनी सुकी मिरची मधात घालून बरणी दोन-तीन आठवडे ठेवावी, रोज एकदा उलटी करावी. वेळ लागतो इतकंच.

चमचाभर
थंड पद्धतीचा मी पण केलाय, चव सुंदर येते, मधाचा वास जागेवर राहतो. पण तिखट कमी उतरतं. दुप्पट मिरची घातली तरी.

रसायनी
बरोबर आहे. तिखटपणा ज्याच्यामुळे येतो ते कॅप्सेसिन तेलात आणि अल्कोहोलमध्ये छान विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. मधात तेल नाही, त्यामुळे मिरचीच्या तेलासारखं भराभर उतरत नाही. उष्णता आणि वेळ, यातलं निदान एक द्यावंच लागतं.

आता व्हिनेगरबद्दल भांडायचंय. दोन छोटे चमचे म्हणजे १० मिली, त्यातलं साडेनऊ ग्रॅमच्या आसपास पाणीच. ३४० ग्रॅम मधात ते मिसळलं की पाणी जातं जवळपास २० टक्क्यांवर. काठावर आहात ताई तुम्ही.

चमचाभर
अहो पण चार वर्षांत एकदाही फसफसला नाही! आणि व्हिनेगर आंबट असतं ना, ते जंतूंना रोखतंच की.

रसायनी
बॅक्टेरियांना रोखतं. यीस्टच्या काही जाती मात्र आंबटातही मजेत राहतात, साखरेतही. तुमचा मध मुळात १७ टक्क्यांचा असेल म्हणून निभावलं. कुणाचा १९ चा असला तर दोन चमच्यांत २१ पार. आणि घरी ते मोजणार कशाने?

मोहोळवाला
आमच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर असतो, काचेवर एक थेंब टाकून बघायचं. नाहीतर साधा अंदाज म्हणजे बरणी उलटी केल्यावर बुडबुडा किती रेंगाळत वर जातो ते बघणं, तोही कोमट मधाला खोटा ठरतो. माझं मत, एकच छोटा चमचा घाला, मग पाणी साडेअठराच्या जवळ राहतं. जास्त आंबट हवं असेल तर वाढताना वाटीत घ्या आणि तिथे घाला.

चमचाभर
एका चमच्याने माझी चव नाही येत. मी दोनच घालणार, पण छोट्या बरण्या करते आणि महिन्याभरात संपवते, तेवढ्यात काय होतंय. बाकीच्यांनी एक घाला.

दोन_पिल्लं
मध्येच विचारते, धाकटा नऊ महिन्यांचा आहे. तिखट नाही देणार अर्थातच, पण मध तापवलेला असेल तर बोटाने जरासा चाटवला तर चालतो का? घरातली मोठी माणसं मागे लागलीत.

रसायनी
नाही, अजिबात नाही, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत कुठलाही मध नाही, तापवलेला पण नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात, बाळ लुळं पडतं, श्वासावर येतं. आणि हे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, आपल्या वाफेवरच्या पातेल्याला काय देणार. मोठ्या माणसांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

दोन_पिल्लं
धन्यवाद, स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकलाय. आता महाभारत होईल, पण होऊ दे.

जागरणवीर
मी यात लसूण पण टाकणार होतो, सात-आठ पाकळ्या ठेचून. चालेल?

मोहोळवाला
तीच गोष्ट, लसूण ओला असतो. वर तो मिरचीसारखाच कमी आम्लाचा, मातीतून येणारा, आणि आत हवा नसलेल्या बरणीत बुडवून ठेवणार. वर रसायनींनी सांगितलेल्या जीवाणूला नेमकं हेच वातावरण लागतं, ओल, कमी आंबट आणि हवा नाही. मधाचं पाणी कमी राहिलं तर तो वाढत नाही, पण ओला लसूण नेमकं तेच बिघडवतो. लसणीची चव हवी तर वाळवलेल्या लसणाचे तुकडे घाला आणि गाळताना काढून टाका. किंवा ताजा घालून लगेच त्या दिवशीच्या जेवणात संपवा.

उगाचच
थोडक्यात या धाग्याचं नाव बदला, "पाणी शत्रू आहे". आता कोणीतरी मिरच्यांबद्दल पण बोला, तिखट कुठली घ्यायची? माझी हौस मोठी आहे, पोट लहान.

तिखटखाऊ
हो, मलाही हेच विचारायचं होतं.

रसायनी
तिखटपणा स्कोव्हिल एककात सांगतात, विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मोजणी काढली, मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं झालं की थांबायचं. गंमत बघा, तिखट मोजायला पण गोड पाणीच. हालापेन्यो अडीच ते आठ हजार, कायेन ३० ते ५० हजार, बर्ड्स आय ५० हजार ते एक लाख, हबानेरो एक ते साडेतीन लाख. पहिल्या वेळी कायेनच्या आसपासची सुकी मिरची घ्या. हबानेरोला फळासारखा वास असतो, मधाबरोबर छान जमतो, पण एक सुकी मिरची कपभर मधाला पुष्कळ झाली.

आणि तिखट कमी करायला लोक बिया काढतात, बिया मुळात तिखट नसतातच. ज्या पांढऱ्या शिरेला त्या चिकटलेल्या असतात ती तिखट, बियांना तिचं लागलेलं असतं. शीर खरवडा.

चमचाभर
रंग हवा असेल तर कमी तिखट, गडद लाल मिरची अर्धी आणि झणझणीत अर्धी असं मिश्रण करा. नुसत्या तिखट मिरचीने मध फारसा लाल होत नाही, आणि लाल दिसला नाही तर पाहुणे भरभरून घेतात. मग मजा.

चाखायची पण एक पद्धत आहे. भांड्यातला गरम मध चाखून "बापरे, फार झालं" म्हणून मिरची काढून टाकू नका. गार चमच्यावर थेंब घ्या, गार होऊ द्या, मग चाखा आणि अर्धा मिनिट थांबा. मधात तिखट मागून येतं, आधी गोड गोड आणि मग घशात.

रसायनी
याचं कारण पण आहे, जिभेवरचा जो ग्राहक (रिसेप्टर) कॅप्सेसिन ओळखतो तोच ४३ अंशांवरची उष्णता पण ओळखतो, म्हणून गरम पदार्थ जास्त तिखट लागतो आणि म्हणूनच तिखटाला आपण "जाळ" म्हणतो. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाने तो १९९७ मध्ये शोधला, २०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापुशियन यांना मिळालं. बस करतो आता, धागा पाकृचा आहे.

तिखटखाऊ
मंडळी, दहा दिवसांनी परत आलोय. केला!

सुक्या मिरच्या कटकन मोडणाऱ्या, दोन चमचे, वाफेवर वीस मिनिटं. थर्मामीटर लावून बसलो होतो, एकदा ७० च्या वर गेला तेव्हा घाबरून भांडं उचलून धरलं. तासाभराने चाखला तर काहीच तिखट नाही. म्हटलं झालं, फुकट गेलं, आणखी एक चमचा मिरची टाकून परत तापवला. रात्री गाळून एक छोटा चमचा व्हिनेगर घातलं (चमचाभरताई, माफ करा). सकाळी टोस्टवर घेतला आणि डोळ्यांतून पाणी. रात्रीचा थेंब मी थांबून चाखलाच नव्हता, ते अर्धा मिनिटवालं विसरलो.

आणखी एक, मिरच्या चुरडल्यावर हात साबणाने धुतले आणि तासाभराने डोळा चोळला. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

चमचाभर
अरेरे! हातमोजे सांगायचे राहिले माझ्याकडून. आधी हाताला तेल चोळायचं, मग भांड्यांच्या साबणाने धुवायचं, नुसत्या पाण्याने पसरतं. तिखट जास्त झालं तर तेवढाच साधा मध मिसळा, सोपं आहे. तोंड भाजलं तर दूध प्या, दुधातलं प्रथिन ते ओढून नेतं, पाण्याचा उपयोग नाही.

तिखटखाऊ
साधा मध मिसळला, आता झकास आहे. पण बरणी फ्रिजमध्ये ठेवली तर तळाला साखर धरायला लागलीय. खराब नाही ना?

मोहोळवाला
नाही हो, ते ग्लुकोजचे खडे. मध सगळ्यात पटकन १४ अंशांच्या आसपास साखर धरतो. गाळलेला, कोरडा मध बाहेरच अंधाऱ्या कपाटात ठेवा. धरलीच असेल तर झाकण सैल करून बरणी ४०-४५ अंशांच्या पाण्यात ठेवा, अर्ध्या-एक तासात सुटते. ओला चमचा मात्र घालू नका कधी.

जागरणवीर
मी पण केला, साधाच, लसूण न घालता. भाजलेल्या भोपळ्यावर, चीजवर, व्हॅनिला आइस्क्रीमवर. आइस्क्रीमवर सगळ्यात भारी. चिकनला मात्र ग्रिलवर ठेवायच्या आधीच लावला आणि काळाकुट्ट झाला.

चमचाभर
मधाची साखर लवकर जळते, शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशने लावायचा, किंवा उतरवल्यावर.

तिखटखाऊ
शेवटचा प्रश्न, गाळून उरलेल्या मधाळ मिरच्यांचं काय करता? टाकवत नाहीत.

चमचाभर
बटर पेपरवर पसरून ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर कोरड्या करा, चिक्कीसारख्या कुरकुरीत होतात. पॉपकॉर्नवर चुरा.

उगाचच
आणि त्या पहिल्या बरणीचं काय झालं ते सांगितलंच नाहीत. खरं सांगा, टाकली की प्यायलात?

तिखटखाऊ
टाकली. बरणी धुतली तरी झाकणाला अजून वास येतोय, त्यात बायकोने आता खिळे ठेवलेत.